तेजराम खलाशाचा बुध

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, पण खलाशी पुष्कळ आहेत. सर्वेच्या कामात साखळी ओढणारा, खुंट्या ठोकणारा, पट्टी धरणारा आणि साहेबाच्या डोक्यावर छत्री धरणारा जो माणूस असतो त्याला खलाशी म्हणतात. का म्हणतात ते मला डिप्लोमाच्या तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही, आणि तेजरामला तर असले प्रश्न पडायचेच नाहीत. त्याला पडायचे ते वेगळेच.

१९८६ साली मी चोवीस वर्षांचा ओव्हरसियर होतो. कालव्याच्या आखणीसाठी आसगावजवळच्या एका तलावाच्या पाळीवर आमचे दोन तंबू लागले होते. एकात मी झोपायचो, दुसऱ्यात नकाशे आणि थिओडोलाइट. थिओडोलाइट म्हणजे तिपाईवर बसणारी, कोन मोजायची दुर्बीण. कागदोपत्री ती माझ्या ताब्यात होती, पण तिला जपायचा तेजराम. तिची पेटी तो डोक्यावर घेऊन अशा बेतानं चालायचा की आत काठोकाठ भरलेली घागर असावी. तो आसगावचाच, पन्नाशीचा, आणि मी त्याला अरेतुरे करायचो. आज त्याची लाज वाटते. तेव्हा तशी रीतच होती.

या दुर्बिणीला डोळा लावला की मधोमध एक बारीक काळी फुली दिसते. तिच्यावर निशाण धरून कोन वाचायचा. आमच्या जुन्या दुर्बिणीत ती फुली कोळ्याच्या तंतूची होती. जाळं विणणाऱ्या कोळ्याच्याच. चवन्नीएवढ्या पितळी कड्यावर दोन तंतू आडवे-उभे ताणायचे आणि चारही टोकांना लाखेचा एकेक थेंब लावायचा. तिला आम्ही तार म्हणायचो. तार तुटली की बाकीचे कॅम्पवाले दुर्बीण दुरुस्तीला नागपूरला पाठवायचे आणि महिनाभर पत्ते कुटायचे. आमच्याकडे तेजराम होता. तो शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झुडपातून नेमका हवा तो कोळी उचलून आणायचा आणि दोन तासांत नवी तार बसवायचा. या एका कसबापायी जिल्ह्यातले साहेब लोक त्याला नावानं ओळखत होते.

ओळखत होते, पण पंधरा वर्षं ठेवलं होतं रोजंदारीवर. त्या साली मात्र कायम करायच्या खलाशांची यादी निघाली आणि तीत त्याचं नाव आलं. उपअभियंता साहेब तेरा नोव्हेंबरला, गुरुवारी, बाराच्या सुमारास आमच्या कोनांची तपासणी करायला भंडाऱ्याहून येणार होते आणि येताना त्याचा अर्ज आणणार होते. दुर्बीण ठीक, काम ठीक, की सही. मग तेजराम कायम.

नेमकी तीच तारीख तो तेरा वर्षं मनात धरून बसला होता.

१९७३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीनंतर, तो लाखनीकडच्या एका कॅम्पवर होता. तिथल्या सर्वेअरनं एका दुपारी दुर्बीण सूर्याकडे रोखली, मागं पांढरा कागद धरला, आणि कागदावर सूर्य उतरवला. त्या सूर्यावरून बुध चालला होता, एक काळा ठिपका. तेजराम दुपारभर छत्री धरून उभा होता. बाबू लोकांनी पाहिलं, ठेकेदारानं पाहिलं, ठेकेदाराच्या मेव्हण्यानं पाहिलं. तेजरामची पाळी येईतो सूर्य झाडांत गेला आणि सर्वेअर म्हणाला, पेटी भर. त्यानं पेटी भरता भरता एवढंच विचारलं, परत कवा? सर्वेअरनं खगोलाच्या पुस्तकात पाहून तारीख सांगितली. ती तेजरामनं कुठं लिहून ठेवली नाही. तेरा वर्षांत बहुधा तिच्याशिवाय झोपलाही नाही.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी तो माझ्या तंबूच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"एक मागाचं होतं जी."

मला वाटलं, उचल मागतो आहे.

"तेरा तारखेले बुध सूर्यावरून जाते. मले पाहाचा हाय. कागदावर. डोळा लावून नाही, मले मालूम हाय डोळे जातेत ते."

मला ती थाप वाटली. पण दोन दिवसांनी नागपूरच्या पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या: बुधाचे अधिक्रमण, सकाळी सव्वासात ते दुपारी बारा. आता सरकारी दुर्बीण सूर्याकडे फिरवायची, तीही तपासणीच्या दिवशी, हे काही शहाणपणाचं लक्षण नव्हतं. मी हो म्हटलं ते तेजरामसाठी, असं मी पुढं अनेकांना सांगितलं आहे. खरं म्हणजे मलाही गावासमोर दुर्बीण फिरवून मिरवायचं होतं.

"नऊ वाजता दुर्बीण पेटीत गेली पाहिजे," मी बजावलं.

"साडेआठलेच ठेवतो जी," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी बांध्यांवर धुकं होतं. धान कापणीला आलेलं. बाया इळे घेऊन निघालेल्या. सूर्य वर आला तसं धुकं उठलं आणि मी दुर्बीण रोखली. तेजरामनं पुठ्ठ्यावर पांढरा कागद लावून मागं धरला, वर काळी छत्री. कागदावर बशीएवढा सूर्य आला, त्यावर तारेची फुली. सव्वासातला सूर्याच्या कडेला खसखशीएवढी खाच पडली आणि पाहता पाहता खसखशीचा दाणा आत आला. काळा कुळकुळीत, गोल.

मी सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

गावात बातमी कशी जाते हे कोणत्याही खात्याला कळलेलं नाही. अर्ध्या तासात पाळीवर पन्नास माणसं. पुढं माजी सरपंच भय्याजी, मफलर गुंडाळून. ऐंशी सालच्या ग्रहणात या माणसानं सगळ्या गावाला घरात कोंडून ठेवलं होतं.

"ग्रहण हाय का? शिजलेलं अन्न टाकाचं का?" त्यांनी विचारलं.

"ग्रहण नाही जी," तेजराम म्हणाला. "बुध रस्त्यानं जाऊन राहिला. मधात सूर्य आला त्याच्या."

भय्याजींनी वाकून पाहिलं आणि तारेच्या फुलीवर बोट ठेवून म्हणाले की बुध चांगलाच मोठा आहे. मी फुली म्हणजे काय ते समजावलं. मग त्यांना दाणा दिसला आणि ते गप्प झाले. आसगावात हे सहसा घडत नाही.

तेजराम एकेकाला पुढं घेत होता. म्हातारे आधी, मग कापणीच्या बाया, त्यांना मजुरीवर जायचं होतं म्हणून. त्याची बायको कुंताबाई त्यांच्यातच होती. तिनं पाहिलं आणि लगेच म्हणाली, "दिसला ना. हा काय, तारेच्या डाव्या बाजूनं." बाकीच्या बाया गेल्या. ती मात्र इळा कमरेला खोचून तिथंच थांबली. का थांबली ते मला तेव्हा कळलं नाही.

साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. माणसं पांगली. मी म्हटलं, "तेजराम, आता तू. आण तो पुठ्ठा इकडं."

मी पुठ्ठा धरला. तो वाकला. पुष्कळ वेळ वाकून राहिला. मग मागं सरला, पुन्हा वाकला.

"दिसला?"

"हो जी."

"कुठं आहे?"

त्यानं बोट ठेवलं. बोट दाण्यापासून चांगलं तीन बोटं लांब, कोऱ्या कागदावर होतं.

"तिथं नाही रे."

त्यानं बोट उचललं आणि दुसरीकडं ठेवलं, तेही चुकीच्याच जागी. कुंताबाईनं मान खाली घातली. तेरा वर्षं थांबलेल्या माणसाला समोरची गोष्ट सापडत नाही, हे मला पाहवेना. मला वाटलं, त्याला नेमकं काय पाहायचं तेच कळलेलं नाही. मी माझ्या हुशारीत म्हटलं, "थांब, आकडे वाचायचं भिंग आणतो तंबूतून. दुर्बिणीला हात लावू नकोस."

सूर्य काही थांबत नाही. सकाळभर मी दर मिनिटाला स्क्रू फिरवून त्याला फुलीवर धरत होतो. स्क्रूला ओव्हरसियरशिवाय कोणी हात लावायचा नाही हा कॅम्पचा नियम, आणि तेजरामनं पंधरा वर्षांत एकही नियम मोडला नव्हता. तंबूत भिंग लवकर सापडेना. त्यात भय्याजी चहाचा कप घेऊन आत बसलेले. त्यांना बुधाची पत्नी कोण ते विचारायचं होतं.

"साहेब," बाहेरून तेजरामचा आवाज आला, "सूर्य सरकून राहिला जी. कड्यावर गेला."

"हात लावू नको म्हटलं ना," मी आतूनच ओरडलो.

"लाख हाय जी कड्यावर."

"आलो रे."

मी आलो तेव्हा दुर्बिणीच्या डोळा लावायच्या टोकाकडून धुराची एक बारीक रेघ निघत होती आणि जळक्या लाखेचा वास सुटला होता. तेजराम दोन्ही हात पाठीमागं धरून उभा होता. मी दुर्बीण झटकन फिरवली, समोरच्या पळसावर रोखून डोळा लावला. पळस दिसला. फुली नव्हती. एक तंतू लोंबत होता, दुसरा गेलेला.

भिंगातून ऊन एका ठिकाणी आलं की कागद पेटतो हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. मला डिप्लोमा होता.

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. बाराला साहेब. फुली नसलेल्या दुर्बिणीतून तपासणी होत नाही, आणि फुली का नाही याला एकच उत्तर होतं. मला ठपका बसला असता, बदली झाली असती. तेजरामचं नाव यादीतून गेलं असतं, आणि पुन्हा यादी कधी निघेल हे देवाला ठाऊक. हे सगळं मी बोलून दाखवलं नाही. "तार लावतो," एवढं म्हणून तो धुऱ्याकडं गेला.

पंधरा मिनिटांत तो परतला. बेचक्याच्या काडीवर कोळ्याला लोंबकळत ठेवून त्यानं तंतू गुंडाळून आणला होता. तंबूत मी कडं काढून त्याच्यासमोर पांढऱ्या फडक्यावर ठेवलं. कड्याच्या काठाला सुईनं ओढल्यासारखे चार ओरखडे असतात. तंतू नेमका त्यांत बसला पाहिजे, केसभर इकडं नाही की तिकडं नाही. टोकांना लाखेच्या बारीक गोळ्या लावून तंतू कड्यावर टाकायचा, गोळ्यांच्या वजनानं तो ताणतो, मग तापल्या सुईनं लाखेचा थेंब.

पहिला तंतू तुटला. दुसरा ओरखड्यावर बसलाच नाही. तो हातभर लांबून पाहायचा, मग जवळ आणायचा, मग डोळे मिटून चोळायचा. तिसरा तुटला.

"काय झालं?"

"वारा हाय जी."

तंबूत वारा नव्हता. दहा वाजून गेले होते. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि माझ्याही. चौथा तंतू त्यानं उचलला, तेव्हा कुंताबाई दारातून आत आली, त्याच्यापुढं बसली आणि त्याच्या हातातून काडी काढून घेतली.

"सांगा तुमी," ती म्हणाली. "हात माहे, बोलनं तुमचं."

तेजरामनं माझ्याकडं पाहिलं. त्याचं असं भेदरलेलं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

"मले जवळचं दिसत नाही जी. दोन साल झाले. दूरचं दिसते, सारं दिसते. हाताजवळचं धुकट. तवापासून तार तुटली नाही म्हणून निभलं." मग हलक्या आवाजात म्हणाला, "कोणाले सांगू नका. नत्थूचं काय झालं ते मालूम हाय."

नत्थू खलाशाचं मला माहीत होतं. त्याच्या डोळ्यांत फूल पडलं होतं आणि ते तो लपवत राहिला. एक दिवस खुंटीऐवजी साथीदाराच्या मनगटावर घण बसला. दुसऱ्या दिवशी नत्थूला घरी पाठवलं. तेव्हापासून तेजरामच्या डोक्यात पक्कं होतं: आपलंही तेच. बापही म्हातारपणी आंधळा होऊन मेला. दोन वर्षं तो डोळ्यांत कशाकशाचा पाला पिळत होता आणि डॉक्टरच्या रस्त्यालाही फिरकत नव्हता, कारण डॉक्टर कागदावर लिहितो.

माझं वय चोवीस. मलाही वाटलं, हा आंधळा होतो आहे.

कुंताबाईनं पुढचं काम केलं. तो सांगत होता, ती करत होती. "डावा वरखडा सापडला? त्याच्यात टाक. ओढू नको, गोयीले लोंबू दे. आता फुंकर नाही, निसता श्वास सोड, वलावा लागते त्याले. सुई तापव." तिचा हात एकदाही हलला नाही. मी भिंग धरून बसलो होतो आणि श्वास घ्यायला घाबरत होतो. पावणेअकराला दुसरा थेंब, अकराला चौथा. फुली उभी राहिली.

कडं परत बसवून, फुली बरोबर मध्ये आणून, दोन्ही बाजूंनी तपासून घ्यायला मला आणखी अर्धा तास लागला. साडेअकरा. मी म्हटलं, "तेजराम, भिंग आहे. अर्धा तास आहे अजून. एक मिनिट सूर्यावर लावू, भिंगातून पाहा."

त्यानं वर सूर्याकडं नाही, दुर्बिणीकडं पाहिलं.

"नाही जी," तो म्हणाला. "आता नाही फिरवाची."

मी आग्रह करायला हवा होता. तेवढ्यात अड्याळच्या बाजूनं जीपची धूळ दिसली आणि तो प्रश्नच मिटला.

साहेब उतरले ते सरळ दुर्बिणीपाशी. त्यांनी डोळा लावला, फुली पाहिली, पट्टीवर निशाण धरलं. मी वही घेऊन बाजूला. पहिला कोन जुळला. पावणेबारा. दुसऱ्या कोनाला त्यांनी दोनदा वाचलं. बारा वाजायला सात मिनिटं. तेजराम लांब पट्टी धरून सरळ उभा होता, डोक्यावर तो सूर्य, आणि सूर्यावर बुध अजून होता. मला सारखं वाटत होतं की सांगावं: साहेब, दोन मिनिटं द्या. पण सांगायचं म्हणजे दुर्बीण सूर्याकडं फिरवली होती हे सांगायचं. मी आकडे लिहीत राहिलो. बारा वाजले. बारा वाजून दोन मिनिटं झाली. तिसरा कोनही जुळला आणि तेजराम पट्टी घेऊन परत आला.

"तार नवी दिसते," साहेब म्हणाले.

"दवानं सैल पडली होती काल," मी म्हटलं. जीभ जराही अडखळली नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं.

"तेजरामचा हात. झकास." त्यांनी त्याला जवळ बोलावलं, जीपच्या बॉनेटवर अर्ज पसरला. "घे. नाव, गाव, जन्मसाल बरोबर आहे का वाच, आणि खाली सही कर. झालास तू कायम."

तेजरामनं कागद हातात घेतला. नाकाजवळ नेला, मग हळूहळू लांब, हात पुरतील तेवढा लांब. कुंताबाई तंबूच्या दोरीला धरून उभी होती. मी मनात म्हणत होतो, कर रे सही, कुठंही कर. त्यानं कागद परत बॉनेटवर ठेवला.

"साहेब, मले हे दिसत नाही जी. दोन सालापासून जवळचं दिसत नाही. तार मी नाही बसवली. माह्या बाईनं बसवली." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "आनं दवानं नाही गेली. सूर्यावर बुध पाहाले फिरवली होती. मीच मागतली होती."

ओरडून 'हात लावू नको' म्हणणारा ओव्हरसियर त्यात कुठंच नव्हता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ही माझ्या आयुष्यातली अशी गोष्ट आहे की ती मला पुसता आलेली नाही.

साहेबांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"वय काय तुझं?"

"पन्नास लिवलं हाय."

"मग दिसेल कसं?" साहेब म्हणाले. "अरे, चाळीशी लागली तुला. मला नाही लागली? चष्मा लाव भंडाऱ्याच्या बाजारातला. त्यानं कोण नोकरीवरून काढतो?" त्यांनी खिशातून स्वतःचा वाचायचा चष्मा काढला आणि तेजरामच्या नाकावर चढवला. मग माझ्याकडं वळून चिडून म्हणाले, "आणि बुध आहे हे मला जीपमधून उतरल्यावर का नाही सांगितलं? मी पाहिला नसता? लाव, अजून असेल."

मी दुर्बीण फिरवली. स्क्रूवरून हात काढला नाही. साहेबांनी स्वतः पुठ्ठा धरला. तेजराम चष्म्यासकट वाकला, हळूहळू, नवीन सुनेसारखा बिचकत. कागदावर बशीएवढा सूर्य होता, कुंताबाईच्या तारेची फुली होती. घड्याळात बारा वाजून अकरा मिनिटं झाली होती.

तो पुष्कळ वेळ पाहत राहिला. सूर्याची कड, कागदाचे धागे, स्वतःच्या अंगठ्याच्या रेषा, सगळं पाहिलं.

"लय साफ दिसून राहिलं जी," तो म्हणाला. "काहीच नाही याच्यावर."

साहेबांनी पुठ्ठा हळूच खाली केला.

"मघा होता," कुंताबाई म्हणाली.